जमिनीखालची ओल

मी सोलापूर सोडलं तेव्हा एप्रिल होता. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात सकाळीच ऊन चटके देत होतं. मुंबईच्या विमानतळावर जायला सांगितलेली गाडी तोंडाशी येऊन उभी होती, आणि आई अजूनही माझ्या बॅगेत कडक भाकऱ्या कोंबत होती. "चार म्हैने काय होत न्हाय त्येला," ती म्हणाली. खरंच होतं ते. आमच्याकडे धुतलेली चादर दोरीवर टाकून स्वयंपाकाला लागावं, तर भाकऱ्या होईस्तोवर ती वाळलेली असायची. तो कोरडेपणा जपून ठेवावा असा असतो, हे तेव्हा कुणाच्या मनात येणार?

अजितच्या, माझ्या नवऱ्याच्या, नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या समुद्राजवळच्या एका लहान गावात आलो. त्या भाकऱ्या आठवड्यात मऊ पडल्या, मग त्यांच्यावर हिरवी बुरशी धरली. टाकून देताना मला हसू आलं होतं.

पुढे आम्ही एक जुनं लाकडी घर घेतलं. इथली अशी घरं मातीला टेकलेली नसतात. खाली बुटका पाया, आणि माती व घर यांच्यामध्ये माणूस सरपटत जाईल एवढीच पोकळी. तिला क्रॉलस्पेस म्हणतात. आपण ज्या फळ्यांवर चालतो, त्यांना खालून काचेच्या तंतूंची जाड गादी लावलेली असते, इन्सुलेशनची. घर दाखवणाऱ्याने हे सांगितलं, मी मान डोलावली, आणि तो विषय तिथेच संपला.

बाबा गेल्यावर आई सोलापुरात एकटी पडली. तिची बरीच वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवण्यात गेलेली, आणि कारखान्यातल्या कापसाच्या तंतूंनी तिची छाती नाजूक झालेली. मी तिला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मनात होतं, करमलं तर कायमचीच ठेवून घेऊ.

पहिले काही आठवडे मजेत गेले. मग तिला खोकला लागला. तिच्या खोलीत भिजलेल्या गोणपाटासारखा वास येऊ लागला. पायाच्या भिंतीत जाळीच्या झडपा होत्या, त्या बाहेर फिरताना तिने पाहिल्या होत्या. "त्या उघडा की. वारं लागल्याबिगर वल जाईल कशी?" ती म्हणाली. मला पटलं. अजित बार्शीचा, त्यालाही पटलं. त्याने सगळ्या झडपा उघडल्या, आणि आई अंगणात खुर्ची टाकून समाधानाने बघत बसली.

वास वाढतच गेला. आईला एक वाक्य एका दमात पुरं करता येईना. डॉक्टरांनी पंप दिला आणि विचारलं, घरात कुठे ओल आहे का? मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात आठवलं, तिच्या पलंगाशी हल्ली जमीन पायाखाली दबते.

त्याच दुपारी अजित बॅटरी घेऊन क्रॉलस्पेसमध्ये शिरला. मी त्या बुटक्या दाराशी गुडघ्यांवर बसून होते. "काय दिसतंय?" मी दोनदा विचारलं. नुसता सरपटण्याचा आवाज येत होता. मग आतून तो ओरडला, "वैशू, आईंना त्या खोलीतून बाहेर काढ. लगेच."

बाहेर आल्यावर त्याने फोनवरचे फोटो दाखवले. गाद्या भिजून लोंबत होत्या, काही चिखलात गळून पडल्या होत्या. फळ्यांवर काळे डाग. एका फळीत त्याचा स्क्रू ड्रायव्हर लोण्यात जावा तसा गेला होता. माझ्या आईला मी यावर झोपवत होते.

आम्ही तिला घेऊन हॉटेलात राहायला गेलो. दुसऱ्या दिवशी घर बघायला आलेल्या माणसाने समजावलं, की उन्हाळ्यात इथली हवाच पाण्याने जड असते. वरून एसी जमीन गार करतो, आणि ही गरम हवा झडपांतून आत शिरून त्या गार फळ्यांना लागली की तिचं पाणी होतं.

"काय म्हनतोय त्यो?" आईने विचारलं. मी झडपांचं तेवढं गाळून सांगितलं. पण बोलताना तो झडपांकडेच हात करत होता.

"मीच उघडाया लावल्या न्हवं?"

"आई, ही ओल आम्ही घर घ्यायच्या आधीची आहे. त्यानेच सांगितलं." हे खरं होतं. तिला ते खरं वाटलं नाही. तिने पदर नाकाशी धरला. मग म्हणाली, "आपल्याकडचं वारं वाळिवतं. हितलं भिजिवतं. मला कसं ठावं असनार?"

भिजल्या गाद्या काढल्या, सडक्या फळ्या बदलल्या, मातीवर जाड प्लास्टिक अंथरलं. झडपा कायमच्या बंद करून ओल ओढणारं यंत्र बसवलं. आईचा दम हळूहळू खाली बसला. पण त्या खोलीत ती पुन्हा पाय टेकून चालली नाही, चवड्यांवर चालायची. सहा महिने भरत आले तेव्हा म्हणाली, "तुजं घर लई चांगलं हाय वैशू. पर मला जाऊ दे." मी आग्रह केला नाही. तो करायला लागणारी खात्री माझ्याकडे उरली नव्हती.

आता मी येता-जाता ह्युमिडिटीचा काटा बघते. पाहुणे आले की मीच आधी वास घेते. तुमच्यातले जे सोलापुरात राहिले, त्यांना हे खूळ वाटेल. जे माझ्यासारखे निघून आले, त्यांच्या घराखाली काही ना काही असेलच, ज्याच्यासाठी ते असे वाकून बघत असतील. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी या गावाचं नाव सांगते. पण जिथली हवा आईला सोसते, ते घर माझ्याविना आहे, आणि मी आहे तिथे ती श्वास घेऊ शकत नाही. दोन्हीला मी घरच म्हणते, आणि दोन्हीची मला धास्ती वाटते.

फोनवर तब्येत विचारली की ती "ब्येस हाय" म्हणते. मला ते पटत नाही, हे तिला कळतं. म्हणून परवा ती फोन कानाला लावूनच गच्चीचा जिना चढली. शेजारच्या लग्नातल्या जेवणाचं सांगत, मध्ये कुठेही न थांबता. मी पायरीपायरीला तिचा श्वास ऐकत होते. वर पोचल्यावर ती म्हणाली, "ऐकलंस न्हवं? आता तू सांग. खाली कोरडं हाय का?"