हौसाचा मधला भांग

"थांबवा," मालक समोरच्या खुर्चीतूनच म्हणाले. पेटी थांबली, तबला थांबला. राणीच्या वेषातली हौसा स्टेजच्या मधोमध हात तसाच उचलून उभी राहिली.

"कमळाबाई, जरा बाहेर या."

मी विंगेतून पुढं आले.

"हा भांग आहे का कृष्णेचा काठ?"

बाजूला बसलेली नटमंडळी हसली. मी हौसाकडं बघितलं. भांगातून कपाळावर उतरणारी मोत्यांची सर टाळूपासून डावीकडं गेली होती आणि कपाळापाशी येता येता परत उजवीकडं वळली होती. मालकांचं काही चुकलं नव्हतं.

ही सांगलीतली गोष्ट. मोठी लढाई चालू होती तेव्हाची. मी एका नाटक कंपनीत टोपांचं काम करत होते. टोप म्हणजे नटांच्या डोक्यावर चढवायचे खोटे केस. जाळीच्या कापडावर बट बट शिवून ते तयार करतात. माझे वडील हेच काम करायचे. त्यांची नजर अधू झाली आणि सुई माझ्या हातात आली. पूर्वी बायकांच्या भूमिका पुरुष करायचे, त्यामुळं टोपाशिवाय भागत नसे. पुढं बायका स्टेजवर आल्या तरी टोप राहिले, कारण ते सोयीचे. टोपाचा भांग शिवलेला असतो. एकदा सरळ शिवला की टोप फाटेपर्यंत सरळ. तसे भांग मी डोळे मिटून शिवले असते. जिवंत डोक्यावर मात्र मी फक्त स्वतःचाच भांग पाडत आले होते, आणि तो पदराखाली झाकून जायचा.

हौसा आटपाडीकडची, मेंढपाळाच्या घरातली. नवरा पलटणीत भरती होऊन लढाईवर गेला होता. तिकडं चारा संपला, मेंढरं विकावी लागली, तेव्हा ती सासूला घेऊन सांगलीत आली आणि आमच्या थिएटरात झाडलोटीला लागली. झाडताना ती गायची. एकदा मालकांनी ऐकलं आणि तिच्या हातातला झाडू काढून घेतला. सासूनं ना म्हटलं नाही. "गळा देवानं दिलाय, गाऊ दे. पर मी संगट बसणार," एवढंच म्हणाली. तेव्हापासून रोज तालमीला म्हातारी विंगेत बसून चातीवर लोकर कातत असायची.

अडचण हौसाच्या केसांची होती. दाट, बारीक कुरळे आणि कमरेपर्यंत लांब. त्यावर टोप चढवला की डोक्यावर घागर पालथी घातल्यासारखं दिसायचं. म्हणून मी तिच्याच केसांचा भांग पाडला होता. त्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

"उद्यापासून टोप घाला," मालक म्हणाले.

"टोप बसत नाही मालक. केस फार आहेत."

"मग कमी करा. मानेपर्यंत कापा आणि वर टोप घाला. त्यात काय?"

विंगेतली चाती थांबली. म्हातारी उठून स्टेजवर आली.

"केसाला कातर लावायची न्हाई. माझा ल्योक लढाईवर हाय. त्याच्या माघारी सुनंचं केस कापलं तर लोक काय समजतील? आन लोकांचं जाऊ द्या, माझ्या जिवाला काय वाटंल?"

त्या काळी बाईचे केस उतरले म्हणजे तिचा नवरा गेला, असाच अर्थ व्हायचा. म्हातारीनं तो शब्द उच्चारला नाही. उच्चारायची गरजही नव्हती.

मालक माणूस वाईट नव्हते. पण जाहिराती लागल्या होत्या. "मावशी, मला राणी पाहिजे आणि राणीचा भांग सरळ पाहिजे," ते म्हणाले. "नसेल जमत तर पार्ट दुसरीला द्यावा लागेल."

"रंगीत तालमीपर्यंत मला वेळ द्या," मी म्हणाले. रंगीत तालीम म्हणजे कपडे, दागिने, लाइट सगळ्यासकट होणारी शेवटची तालीम. मालकांनी मान हलवली. "तोवर नाही जमलं, तर कातर नाहीतर दुसरी बाई. तुमचं तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरमागच्या अंगणात मी हौसाला पाटावर बसवलं. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला नवल जास्त वाटत होतं. मी कापडावर रेघ मारली तर ती तिथंच राहते. मग डोक्यावर मारलेली रेघ जाते कुठं?

पहिली गोष्ट लगेच कळली. उजव्या हातानं काम करायचं म्हणून मी तिच्या उजव्या अंगाला उभी राहत होते, आणि फणी आपोआप माझ्याकडं ओढली जात होती. मी बरोबर पाठीमागं उभी राहिले. रेघ थोडी सुधारली. पण केस वाळले तसे डावीकडचे उठून उजवीकडं आले. जणू बांध ओलांडून शेजारच्या रानात गेले.

"हौसा, तू रोज कसं विंचरतेस?"

"मागं. समदं मागं वडायचं आन गाठ मारायची."

"भांग?"

"कवाच न्हाई पाडला, अक्का."

तिच्या केसांनी मधला भांग कधी बघितलाच नव्हता. मी शेजारी चाती घेऊन बसलेल्या म्हातारीच्या डोक्याकडं बघितलं. तिचा भांग इतका जुना होता की तिथं पाऊलवाटेसारखी मोकळी कातडी दिसत होती. फणी न लावताही केस आपापल्या बाजूला पडत होते. म्हणजे केसांना सवय असते. हौसाच्या केसांची सवय मोडायची होती.

"वाळल्यावर उडतात," मी म्हातारीला म्हणाले.

"लोकरीचं बी तसंच हाय. वाळली की उडती, भिजली की ऐकती. वलं असतानाच बांधून टाक की."

मग आमचा रोजचा क्रम ठरला. केस ओले करायचे, आधी सगळे मागं विंचरायचे, मग भांग पाडायचा आणि वरून ओल्या फडक्याची पट्टी घट्ट बांधायची. वाळेपर्यंत पट्टी सोडायची नाही. हौसा पट्टी बांधूनच आपली पदं म्हणत बसायची. सुरुवातीला पट्टी सोडली की एखादी बट हटकून पलीकडं जायची. हळूहळू ती वाट विसरली.

राहिली फणी. फणीच्या दातानं रेघ जाड यायची आणि कडेला केस विस्कटायचे. मी टोपाची सुई वापरून बघितली, ती टाळूला टोचली. म्हातारी सुताची गाठ सोडवायला पिशवीतून काहीतरी काळं-पांढरं काढायची, ते मी हातात घेऊन बघितलं. साळिंदराचा काटा होता. गुळगुळीत, ताठ, आणि वापरून वापरून टोक बोथट झालेलं. तो टाळूवरून ओढला की केस दोन्हीकडं अलगद वेगळे व्हायचे आणि हौसा हूं की चूं करायची नाही.

"ऱ्हाऊ दे तुला. माझ्याकडं दुसरा हाय," म्हातारी म्हणाली.

शेवटी मी माझ्या धंद्यातली युक्ती लावली. टोप शिवण्याआधी आम्ही डोक्याचं माप दोऱ्यानं घेतो. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दोरा धरला, तो दुमडला, मध्यावर कुंकवाचा ठिपका दिला. कपाळावर एक, टाळूवर एक, मागं एक. ठिपक्यांवरून दोरा ताणून हौसालाच दोन टोकं धरायला लावली आणि दोऱ्याच्या कडेनं काटा ओढला. रेघ अशी आली की टोपावरसुद्धा मला तशी कधी जमली नव्हती. मी निश्चिंत झाले.

रंगीत तालमीला हौसा स्टेजवर गेली. लाइट लागले. मोत्यांची सर भांगात अगदी नेमकी बसली होती. मालकांनी बघितलं, मान एकीकडं कलती केली, मग दुसरीकडं.

"अजून वाकडाच आहे."

"मालक, दोऱ्यानं मापून पाडलाय."

"प्रेक्षक दोरा घेऊन येत नाहीत, बाई." आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं मला जास्त धास्ती वाटली. "हा प्रवेश होऊ दे. मग निर्णय घेऊ."

म्हातारी माझ्याकडं बघत होती. काटा तोच, दोरा तोच, ठिपके तेच. मग मला वाटलं, मी हे डोकं फक्त वरून बघितलंय. मालक समोरून बघतात. मी जिन्यानं खाली उतरले आणि खुर्च्यांमधे जाऊन उभी राहिले.

खरंच वाकडा दिसत होता.

मी डोळ्यांसमोर हात धरून तिचे केस झाकले. नुसता चेहरा राहिला. मग हात खाली आणून चेहरा झाकला. नुसता भांग राहिला. भांग सरळ होता. वाकडं होतं ते नाक. शेंडा अगदी किंचित उजवीकडं झुकलेला. समोरून बघणाऱ्याची नजर मोत्यांच्या सरीवरून उतरते ती थेट नाकाच्या शेंड्यावर येते, आणि दोन्हींचा मेळ बसत नसला की दोष भांगाला लागतो.

प्रवेश संपला. मी धावत विंगेत गेले.

"हौसा, नाकाला काय लागलं होतं का कधी?"

"ल्हानपणी एडक्यानं धडक दिली हुती."

"लग्नात हे मला कुणी सांगितलं न्हवतं," सासू म्हणाली. इतक्या धास्तीतही हौसाला हसू फुटलं.

मी तिला खाली बसवलं, सर काढली, केसांवर ओला हात फिरवला आणि कपाळाकडचा भांग गव्हाच्या दाण्याएवढा उजवीकडं घेतला. या वेळी दोरा लावला नाही. समोर बसून, तिच्या तोंडाकडं बघत काटा मागं ओढत नेला.

म्हातारीनं वरून वाकून बघितलं. "आता वाकडा पाडलायस की गं."

"व्हय मावशी. बघू आता."

पुढच्या प्रवेशाला हौसा आत गेली. मी विंगेच्या फटीतून मालकांकडं बघत होते. त्यांनी मान कलती केली नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "हं. आता कसा सरळ आला. तबला जरा हळू घ्या." आणि पुढं तबल्याचंच बोलत राहिले. विंगेत म्हातारीनं परत चाती फिरवायला घेतली.

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलं होतं. हौसाच्या पदांना वन्स मोअर मिळाले. भांगाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. आमच्या कामात याहून मोठी शाबासकी नसते. पुढं मालकांनी इतर नट्यांनाही खऱ्या केसांवर आणलं. माझं टोपांचं काम कमी झालं, डोक्यांचं वाढलं. कंपनी सातारला गेली की तिथल्या बायका नवरीचे केस बांधायला मला बोलावून नेऊ लागल्या.

लढाई संपल्यावर हौसाचा नवरा धडधाकट परत आला. दोघं मला भेटायला आली. तो थोडा लाजत उभा होता. म्हातारी आधीच आटपाडीला परतून नव्यानं घेतलेली मेंढरं राखत होती, हौसाही आता तिकडंच चालली होती. गाणं सोडायचं तिला वाईट वाटत होतं का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. केस पहिल्यासारखे मागं ओढून बांधलेले होते, पण कपाळावर ते आपणहून दुभंगले होते. किंचित उजवीकडं.

मी पुष्कळ डोकी हाताळली. एकाही माणसाचं नाक मला नेमकं मध्यावर सापडलं नाही. टोप शिवणाऱ्याला डोक्याचं माप पुरतं. भांग पाडणाऱ्याला तोंडही बघावं लागतं.