मावशींचं अनुमोदन

लोणावळ्याजवळच्या आमच्या गावात, विहारात मी भाषण केलं. विषय होता इंग्रजांच्या कायदेमंडळातले सरकारनियुक्त सभासद. ज्यांच्या वतीने ते बोलत त्यांना कुणी विचारतच नसे, हे मी चिडून सांगितलं. टाळ्या पडल्या.

मग मी ठराव वाचला: पर्यटकांच्या गाड्यांना गावच्या रस्त्यावर बंदी घालावी. सूचक मी, अनुमोदक शेजारच्या मावशी. कागद सभेआधीच टाइप करून आणला होता, खाली 'सर्वानुमते मंजूर'सुद्धा. आमच्याकडे ठराव असेच होतात.

मावशी त्याच रस्त्यावर कणसं भाजून विकतात.

"मला कदी इचारलंस रं?" त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "गाड्या बंद झाल्यावर समदी कणसं तू खानार व्हय?"

लोक हसले. मी म्हणालो, "मावशी, हे तुमच्याच भल्याचं आहे." बोललो आणि कान तापले. गोऱ्या साहेबांचं हेच वाक्य मी घटकेपूर्वी नक्कल करून दाखवलं होतं.

"मंग माजं नाव काड. आन् समद्यांचं मत घे."

मत घेतलं असतं तर ठराव पडला असता, हे मला दिसत होतं. मी त्यांचं नाव खोडून मित्राचं लिहिलं. 'सर्वानुमते' तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कागद पंचायतीत देऊन आलो.