ओल्या गोणपाटाचं पान

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. तरी समुद्री कासवांबद्दल लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. कशावर लिहावं आणि कशावर नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं.

प्राणिशास्त्राच्या आमच्या सरांना कोकणात, कासवांच्या घरट्यांवर लक्ष ठेवायला, एक विद्यार्थी पाठवायचा होता. कासवीण वाळूत अंडी घालून निघून जाते. वाळू जास्त तापली की माद्याच निपजतात, त्याहून तापली तर पिल्लं आतच मरतात. आणि उन्हाळे तर वाढतच चाललेत. म्हणून सरांनी गच्चीवर वाळूचा टप ठेवून तापमान मोजायचा सराव करायला सांगितलं. सराव मी केला, रोजचे आकडे वहीत लिहिले. माझा रूममेट दोनदा गच्चीवर आला, दोन्ही वेळा फोनवर बोलायला. मुलाखतीत तो इंग्रजीत बोलला आणि त्याची निवड झाली.

"शिंपले आणू का रे तुला?" बॅग भरताना तो म्हणाला. "आन तुझी वही दे ना. तिकडं लागंल."

मी वही दिली, पण आधी एक पान फाडून घेतलं. पाचोडच्या बाजारात आई कोथिंबिरीवर ओलं गोणपाट बांधते. तसंच मी टपावर काठ्या लावून बांधून पाहिलं होतं, आणि वाळू चांगलीच निवली होती. त्या पानावर तेवढंच होतं. पण तेवढंच माझं होतं.

मग त्याचे फोटो येऊ लागले. तो आणि समुद्र. प्रत्येक फोटो मी दोन-दोनदा पाहिला, लाईक एकालाही केलं नाही.

एप्रिलात त्याचा फोन आला. "सावलीची जाळी वाऱ्यानं फाटली यार. राखणीचे काका गावाला गेलेत, आन वाळू लई तापायलीय. तू गच्चीवर काही केलतं का?"

मागं लाटांचा आवाज येत होता. तो आवाजही त्यालाच मिळाला होता.

"नाय," मी म्हणालो. "सरांना विचार."

सरांना त्यानं विचारलं की नाही, ते मी त्याला कधी विचारलं नाही. दहा-बारा दिवसांनी प्रॅक्टिकल चालू असताना सरांनी फोन घेतला आणि आम्हा सगळ्यांकडं वळून सांगितलं: घरटं उकरून पाहिलं. अंड्यांत पुरी वाढलेली पिल्लं होती. जिवंत एकही नव्हतं.