अकरा एकांची संख्या

एका निवृत्त गणित शिक्षकांचे पत्र आमच्या दैनिकात एका मंगळवारी छापून आले. त्यानंतर ते कार्यालयात आले नाहीत. त्याआधी दोन वर्षे त्यांचा एकही मंगळवार चुकला नव्हता.

बार्शीटाकळीच्या बसने ते अकोल्याला येत. अकरा वाजता माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढत, दोनशेपानी वही उघडत आणि म्हणत, "अजून तुटली नाही, भाऊ."

आमच्या बैठकीची वेळ नेमकी तीच. हे मी त्यांना किती वेळा सांगितले, याची नोंद नाही.

संख्या होती ११,११,११,११,१११. ओळीने अकरा एक. पूर्वी कधीतरी सरांनी वर्गात ती मूळ संख्या असल्याचे सांगितले होते. हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिले होते, भाग जात नव्हता. एका मुलीने विचारले, "सर, हजाराच्या पुढं?" सरांनी तिला तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभे केले. प्रश्न बरोबर आहे, हे त्यांना तेव्हाही माहीत होते. संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत पाहिल्याशिवाय तशी खात्री देता येत नाही. निवृत्त झाल्यावर ते एक हजार नऊपासून पुढे निघाले.

पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "सर, मोबाइलवर मिनिटात कळेल."

"मले उत्तर नको. भागाकार पाहिजे. ज्या हातानं तिले बाहेर काढलं, त्याच हातानं."

ते गेल्यावर मी मोबाइलवर पाहिले. २१,६४९ ने भाग जात होता. मी गप्प राहिलो. दिवसाला तीन-चार भागाकार, मध्ये लग्नसराई, मध्ये मोतीबिंदूचे ऑपरेशन. दर मंगळवारी मी ते कुठवर आले, एवढे ऐकून घ्यायचो आणि बैठकीला उशिरा पोहोचायचो.

एका मंगळवारी त्यांनी वही उघडली. "एकवीस हजार सातशे एक. अजून तुटली नाही, भाऊ."

ते ओलांडून पुढे गेले होते.

"सर, मागची पाच-दहा पाने पुन्हा तपासा."

"कावून?"

"एखादा हातचा राहिला असेल."

"जिंदगीभर शिकवलं मी. आता तुमी मले हातचा शिकवून राहिले?" वही मिटून ते उठले. चहा तसाच राहिला.

पुढच्या मंगळवारी आले, पण बसले नाहीत. "तुटली. दोनदा ताळा केला." मग म्हणाले, "तुमाले मालूम होतं."

"हो."

"बरं केलं, सांगितलं नाही. आता दुरुस्ती छापा."

"सर, चूक आम्ही छापलीच नव्हती."

"मी तर बोललो होतो ना!"

शेवटी वाचकांच्या पत्रांत चार ओळी गेल्या. संख्या, तिचे दोन अवयव २१,६४९ आणि ५,१३,२३९, आणि एक वाक्य: वर्गाबाहेर उभ्या केलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न बरोबर होता. तिचे नाव त्यांनी छापू दिले नाही. "तिले समजते," म्हणाले.

पत्र छापल्यानंतरच्या चौथ्या मंगळवारी तेल्हाऱ्याहून एक बाई आल्या. हातात कात्रण होते. "सर इथंच येतात म्हणे?"

मी त्यांची रिकामी खुर्ची दाखवली. सरांनी अंथरूण धरल्याचे त्यांच्या मुलाने फोनवर कळवले होते, तेही सांगितले.

"मले संख्या आठवतच नव्हती," त्या म्हणाल्या. "उभं केलं होतं, थे आठवते."

त्यांनी पत्ता मागितला. मी लिहून दिला आणि स्टँडपर्यंत सोबत गेलो. बैठक सुरू झाली होती. बार्शीटाकळीची बस बारा वाजून दहा मिनिटांनी सुटली. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या.