इक्बालचा व्हिसा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, तर नाहीच. कितीदा तोंडाशी आलं – आणि भाजीत मीठ कमी पडलंय का, असं काहीतरी विचारून मी वेळ मारून नेली. आज तुम्हाला सांगते. सरळ सांगता येईल असं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बहारीनला, ईसा टाउनमध्ये राहायचो. मिलिंद एसीच्या कामावर सुपरवायझर. शुक्रवारी अरादच्या बाजूला मोकळ्या रेताड मैदानावर, खेळपट्टीच्या जागी चटई अंथरून, आपल्या लोकांचे क्रिकेटचे सामने व्हायचे. बाकीच्या बायका गप्पा मारायच्या, मी गाडीच्या सावलीत बसून खेळ बघायची. चेंडू न् चेंडू. म्हणून माझ्या शब्दाला मान होता. "वहिनी नवऱ्यालासुद्धा सोडत नाहीत," म्हणायचे लोक. तोवर ते खरंही होतं.

वर्षातून एकदा सगळ्या टीममधले निवडक अकरा जण दुबईच्या टीमशी खेळायचे. ते अकरा आम्ही बघणारेच निवडायचो. हूरा भागातल्या एका चहाच्या हॉटेलात पेटी असायची, चिठ्ठीवर नावं लिहून टाकायची.

विकेटकिपर म्हणून नाव घ्यावं असे दोघेच. एक मिलिंद. दुसरा इक्बाल – दापोलीकडचा, मुहर्रकला एका गोदामात क्लार्क. खरं सांगू? तुलनाच नव्हती. इक्बालच्या हातात चेंडू यायचा तेव्हा आवाजसुद्धा व्हायचा नाही. मिलिंदच्या हातून सुटायचा, आणि मग तो ग्लोव्हजकडे बघत राहायचा. दर वर्षी इक्बालच निवडून यायचा. त्या वर्षी मिलिंद म्हणाला, गुडघे गेले, हे शेवटचं. आमची लेक रोज विचारायची, "इज पप्पा इन द टीम?" तो उठून जायचा.

बघवत नव्हतं मला. पण बघवत नाही म्हणून माणूस काय काय करतो?

माझ्या स्वतःच्या चिठ्ठीवर मी इक्बालचंच नाव लिहिलं. हसू नका. खोटं मत द्यायला हात धजला नाही – जीभ मात्र धजली. "वहिनी, किपर कोण टाकू?" कुणीतरी विचारलं, आणि मी म्हटलं, "इक्बालचा व्हिसा रिन्यू होत नाहीये म्हणे. मत कशाला वाया घालवता?"

म्हणे! कोण म्हणालं होतं? कुणीच नाही. ते 'म्हणे' माझंच होतं. पुढच्या शुक्रवारी तेच माझ्याकडे फिरून आलं – "इक्बाल खलास, घरी चालला." मी मान हलवली.

मिलिंद निवडून आला. आणि दोन-चार दिवसांत इक्बाल आमच्या दारात. त्याची सोयरीक खेडला ठरलेली होती. मुलीचा मामा मुहर्रकलाच राहायचा. त्याच्या कानावर गेलं, त्याने गावी फोन केला. मुलीचा बाप म्हणाला, नोकरी नसलेल्याला पोरगी देत नाही.

इक्बाल पासपोर्ट घेऊनच आला होता. "हा बघा वयनी, नवीन शिक्का. पण मी बोललो तर मामाला पटत नाय. तुमचं सगळे ऐकतात. तुम्ही जरा बोलाल काय?"

एक फोन. नंबर त्याने सांगितला होता. पण मामाने विचारलं असतं ना – मग ही आवई उठवली कुणी?

मी म्हटलं, "दुसऱ्यांच्या सोयरिकीत आपण कसं पडायचं, भाऊ?" भाऊ म्हटलं मी त्याला.

"बरोबर हाय वयनी," तो म्हणाला. चहा पिऊन गेला.

सोयरीक मोडली. त्या मुलीचं दुसरीकडे लग्न लागलं. इक्बाल पुढे कितीतरी वर्षं बहारीनलाच होता, त्याच नोकरीत. व्हिसाला काही झालंच नव्हतं.

दुबईच्या सामन्याला तो आला होता. मिलिंदच्या बोटांना टेप त्यानेच बांधली, वाकून, एकेक बोट दाबून बघत. मिलिंद त्या दिवशी आयुष्यात खेळला नव्हता असा खेळला. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. आणि मला आनंद झाला होता – अगदी खराखुरा.