रस्त्यापलीकडचं पाणी

वीस-एकवीस वर्षांचं पोरगं, आणि छातीवरच्या काळ्या पाटीवर ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा! आंध्रातून आलेला, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा हा धर्मप्रचारक आठवडाभर घाटंजीत आमच्या घरासमोरची शाळा रंगवत होता. रंगाचा थेंब फरशीवर पडला की फरशीलाच ‘सॉरी’ म्हणायचा. जोडीला तसाच दुसरा प्रचारक; पंथाचा नियमच असा, की त्या सोबत्याला सोडून तो कुठेही जात नसे.

पहिल्या दिवशी आईनं दोघांना चहा नेला. त्यानं हात जोडून नको म्हटलं. आईचा चेहरा उतरला. आम्ही बौद्ध. आमच्या घरच्या पाण्यालाही न शिवणारी माणसं तिनं लहानपणी पाहिली होती.

“काहून बाबू, आमच्या घरचा च्या नाही चालत काय तुले?”

त्याला बोलणं कळलं नसावं, पण चेहरा कळला. “आई, हमारे धरम में चाय मना है. अपनी माँ के हाथ की भी नहीं पीता. पानी देंगे?”

मागोमाग तो सोबत्यासह दारात आला आणि आमच्या माठातलं दोन पेले पाणी प्यायला. मग रोज चार वाजता हाक यायची, “आई, पानी!” आई त्याआधीच तांब्या चिंचेनं घासून ठेवू लागली.

शेवटच्या दिवशी मी शाळेत गेलो, तर व्हरांड्यात थंड पाण्याची भरलेली कॅन. शिपाई म्हणाला, “मी रोज भरून ठेवून राह्यलो. पण चार वाजले की याले तुमच्याच घरचं पाणी लागते.”

आईला मी हे सांगितलं नाही. ती अजून येईल त्याला सांगते, “आमच्या माठाचं पाणीच तसं गोड हाय.”