दहाव्यापर्यंतची हजेरी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. शिरूरजवळच्या कारखान्यात लीगल ऑफिसर म्हणून लागलो, तेव्हा आईनं दौंडला गल्लीभर पेढे वाटले. संगणकाचा कायदा तेव्हा नवा होता. संगणकातली नोंद कोर्टात चालते, पण सोबत जबाबदार माणसाच्या सहीचा दाखला लागतो, एवढं मला ठाऊक होतं.

न्हावरे गावचा एक कामगार पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडून गेला. सव्वातीनला. गेटवरच्या कार्ड मशीनमध्ये मात्र तो दोन अठ्ठावन्नलाच बाहेर पडलेला.

मॅनेजर म्हणाले, "ड्युटी संपल्यावर आत कशाला थांबला? नुकसानभरपाई आपल्यावर येत नाही. मशीन बरोबर आहे असा दाखला द्या."

त्याची बायको दोन पोरी घेऊन गेटबाहेर बसलेली असायची.

मी महिन्याची हजेरी छापायला लावली. प्रिंटर करकरत होता. तो गेला ती तारीख मागं पडली, तरी त्याचं नाव येतच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बावन्न, आत. दोन अठ्ठावन्न, बाहेर. तिसऱ्या दिवशी तेच. ज्याला मी चादरीत गुंडाळून नेताना पाहिलं, तो नऊ दिवस कामावर येत होता. एकदाही लेट नाही.

त्याच्या गावचा एक म्हातारा कामगार होता, त्याला सगळे मामा म्हणायचे. त्याला कागद दाखवला.

"मीच मारलं कार्ड," तो म्हणाला. "तीन धाची एसटी चुकली तर पाचपर्यंत बसावं लागतं. मग गावच्या आमा चौघांची कार्डं रबर लावून माझ्याकडं. त्या दिशी बी मी पुढं आलो, त्यो आत अडकलेला पत्रा काढत व्हता. सुपरवायझरनंच थांबवलंता."

"आणि नंतरचे नऊ दिवस?"

"दहाव्यापर्यंत माणूस हितंच आसतो, सायेब. घरी त्याचं ताट वाढत व्हते. मंग हितं खाडा कसा मांडायचा? दहाव्याला कार्ड घोडनदीत सोडलं."

"मामा, हे अंगाशी येईल."

"येऊ द्या की. तुमी शिकलेलं हाय, नीट लिवा. माझं नाव घाला."

मॅनेजरनी फक्त अपघाताच्या तारखेपर्यंतची पानं लावायला सांगितली होती. मी सगळी लावली. दाखल्यात लिहिलं, मशीन कार्ड ओळखतं, माणूस ओळखत नाही. खाली सही केली. नोकरी जाईल असं धरूनच चाललो होतो.

कामगार कोर्टातल्या साहेबांनी पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं. "हा या तारखेला वारला ना?"

"होय."

"मग ही हजेरी कोणाची?"

"त्याचीच," मी म्हणालो, आणि मामाला उभं केलं.

बाईला भरपाई मिळाली. मामाला आठ दिवस घरी बसवलं. मला मॅनेजर वर्षभर धड बोलले नाहीत.

मामा परत आला त्या सकाळी मी गेटवर होतो. आता ज्याचं कार्ड त्याच्याच हातात. न्हावऱ्याचे तिघं रांगेनं आत गेले. मशीन तीनदा वाजलं. मी घड्याळ पाहिलं. सहा बावन्न. चौथ्यांदा वाजेल म्हणून मी तिथंच उभा राहिलो.